व्यायाम एकटीनं का होत नाही

(संघटनेच्या कार्यकर्ता शिबिरातल्या भाषणाचं शब्दांकन)

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या विषयापुढं नुसतं ‘आरोग्य’ असं लिहिलंय आणि वेळ दिलीय जेवणानंतरची. म्हणजे पेंगायची. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण आपल्या संघटनांमध्ये व्यायाम हा विषय नेहमी असाच येतो. सत्रं झाली, ठराव झाले, की उरल्या वेळात कुणीतरी चार आसनं करून घेतं. मी स्वतः कितीतरी वर्षं हेच केलं. व्यायाम म्हणजे शहरातल्या, पोटभर खाणाऱ्या बायकांचं वजन उतरवायचं खूळ. आपलं काम मजुरीचं, हिंसेचं, हक्कांचं, असं मी चारचौघींत बोलूनही दाखवलेलं आहे. ते माझं चुकलं होतं. कसं चुकलं, ते सांगायला मी उभी आहे.

मी सोलापूरला पूर्व भागात विडी कामगार बायकांबरोबर काम करते. विडीचं काम ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. बाई जमिनीवर मांडी घालून बसते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि ओली करून कापलेली पानं. मान खाली, पाठ वाकलेली, आणि बोटं सारखी चालू. हजार विड्या वळायला आठ-दहा तास लागतात आणि मजुरी हजारावर मिळते. मधे उठून चूल बघायची, पोराला बघायचं, पुन्हा बसायचं. संध्याकाळी ती उठते तेव्हा आधी एक हात जमिनीवर टेकते, मग गुडघ्यावर, मग भिंतीवर. तीस वर्षांची बाईसुद्धा अशीच उठते.

सुरुवात माझ्याच खांद्यापासून झाली. माझा उजवा खांदा आखडला. वेणी घालता येईना, पोलक्याची बटणं लावता येईनात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एक कागद दिला. त्यावर आठ चित्रं. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, दोरी धरून ओढायचा, वगैरे. तो कागद मी कपाटाच्या दाराला चिकटवला. सहा महिने तो तिथं होता आणि मी रोज त्याच्याकडं बघून दुसऱ्या कामाला लागत होते. वेळ नव्हता असं नाही. एकटीनं भिंतीशी उभं राहून हात वर-खाली करताना मला स्वतःचीच लाज वाटायची. घरात चार माणसं आणि आपण हे काय करतोय, असं व्हायचं. स्वतःच्या शरीरासाठी दहा मिनिटं काढताना चोरी केल्यासारखं का वाटतं, यावर मी भाषणं देऊ शकले असते. व्यायाम मात्र करू शकले नाही.

मग एकदा भविष्यनिर्वाह निधीच्या प्रश्नावर वस्तीत बैठक होती. बोलता बोलता मी खांदा दाबत होते. समोर बघते तर निम्म्या बायका कुठं ना कुठं दाबतच होत्या. कुणी मान, कुणी अंगठ्याचं मूळ, कुणी कंबर. मी म्हटलं, चला, उठा, मला डॉक्टरनं काय सांगितलंय ते दाखवते. सात जणी भिंतीशी उभ्या राहिल्या आणि बोटं चालवत हात वर न्यायला लागल्या. हसून हसून पुरेवाट झाली. पण त्या दिवशी माझा हात सहा महिन्यांत पहिल्यांदा डोक्याच्या वर गेला. दुखलं, पण गेला. शेजारच्या अक्काचा वर चाललाय आणि आपला खाली राहतोय, हे काही बघवत नव्हतं.

हे माझ्या एकटीचं वेड नाही बरं का. जर्मनीत ओटो क्योहलर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९२०च्या दशकात बर्लिनच्या नावाड्यांच्या क्लबात प्रयोग केले. एकटा माणूस वजन उचलताना जिथं थांबतो, त्याच्या पुढं तो जोडीनं उचलताना जातो. आणि जोडीतला कमी ताकदीचा जो असतो तो जास्त जोर लावतो, असं त्याला दिसलं. पुढं २००९ साली ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या वल्हवणाऱ्या तरुणांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तितकीच मेहनत एकट्यानं केली आणि एकत्र एका तालात केली, तर एकत्र केल्यावर त्यांना वेदना जास्त सोसवत होती. रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाला आवळून त्यांनी ते मोजलं. प्रयोग लहान होता, बाराच जण होते. पण मला वाचताना माझी आजी आठवली. जात्यावर दोघी समोरासमोर बसायच्या, एकाच खुंट्याला दोघींचे हात, आणि तोंडानं ओव्या. ते काही सुख नव्हतं, पहाटेची ढोरमेहनत होती ती. उगाच गोडवे नकोत. पण ती एकटीनं ओढवत नाही हे आपल्या बायकांना ऑक्सफर्डच्या आधीपासून माहीत होतं.

तर वस्तीतल्या बायकांनी रोज जमायचं ठरलं. आणि मी पहिली चूक केली. वेळ ठेवली पहाटे साडेपाचची. व्यायाम म्हणजे पहाटेचा, असं डोक्यात बसलेलं. तीस जणींनी नावं दिली, आल्या चार. मी रागावले. तेव्हा एक म्हातारी अक्का मला म्हणाली, “ताई, पहाट काय आमची असती होय? नळाला पाणी त्याच टायमाला, डबा त्याच टायमाला. तुमच्या घरी सून हाय का?” मी गप्प बसले.

केंद्र सरकारची २०२४ सालची वेळवापर पाहणी आहे. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, प्रौढ माणसानं आठवड्याला निदान १५० मिनिटं बऱ्यापैकी दम लागेल अशी हालचाल करावी. दिवसाला वीस-बावीस मिनिटं झाली. ही वीस मिनिटं त्या २८९ मधून कुणी कापून द्यायची, हे सांगायला कुणी येत नाही. आणि आमच्या बायकांचा हिशोब तर आणखी सरळ. अर्धा तास म्हणजे पन्नास-साठ विड्या. तेवढी मजुरी गेली.

यावर आपल्यातल्याच काही जणी म्हणतात, कष्टकरी बाईला कशाला हवा व्यायाम, ती दिवसभर राबतेच की. घरातले पुरुषही हेच म्हणतात, फक्त त्यांचा हेतू वेगळा. मला वाटतं, थकणं वेगळं आणि हालचाल वेगळी, हे आपण नीट लक्षात घेतलं पाहिजे. दहा तास मांडी घालून बसलेली बाई मरणाची थकते, पण तिचे पाय हललेले नसतात, छाती फुललेली नसते, पाठ एकदाही सरळ झालेली नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०२४ साली देशोदेशींची आकडेवारी प्रसिद्ध केली. २०२२ साली भारतातल्या सुमारे ५७ टक्के बायकांची हालचाल पुरेशी नव्हती, पुरुषांत हेच प्रमाण ४२ टक्के. या ५७ टक्क्यांना कुणी आळशी म्हणालं तर त्यांनी एक दिवस सूप मांडीवर घेऊन बसून बघावं. शेतात निंदणाऱ्या बाईचं वेगळं, ती वाकलेलीच असते. तिला जोर-बैठका नकोत, तिला पाठ उलट्या बाजूला न्यायला हवी, पाय वर करून पडायला हवं. प्रत्येकीच्या कामानं तिच्या शरीराचं काय केलंय ते बघून व्यायाम ठरवावा लागतो. पुस्तकातून उचलून चालत नाही.

आम्ही वेळ बदलली. रात्री साडेआठ ते सव्वानऊ, जेवणं उरकायच्या आधी. आणि ज्या दिवशी पाणी येणार त्या दिवशी सुट्टी. जागा मिळाली शेजारच्या एका शाळेच्या मैदानावर. काय करतो? आधी मान, खांदे, मनगटं, अंगठे. मग भिंतीला तळवे टेकून जोर. मग मैदानाला भरभर फेऱ्या. आणि शेवटी फेर. फेर धरायचा ठरला तेव्हा तेलुगू बायका म्हणाल्या आमचा बतुकम्मा, मराठी बायका म्हणाल्या आमचा भोंडला, मुसलमान बायका म्हणाल्या, काहीही करा पण लवकर करा, घरी जायचंय. शेवटी टाळ्या बतुकम्माच्या आणि शेवट फुगडीनं, असं ठरलं. फुगडीला कमी समजू नका. हात ताणलेले, पाठ मागं टाकलेली, पाय जुळलेले, दोघींचा तोल एकमेकींवर. पाच मिनिटं घातली की घाम निथळतो. मंगळागौरीला झिम्मा, पिंगा घालून पहाट करणाऱ्या बायकांना कुणी व्यायाम शिकवला नव्हता. फरक इतकाच की तो वर्षातून एकदा, लग्नाच्या नव्या नवलाईत, देवाच्या नावानं. विधवेला तिथं जागा नव्हती. आमच्या फेरात अर्ध्या विधवा आहेत.

पहिले पंधरा दिवस सगळ्या सगळ्यांचे हात धरत नव्हत्या, हेही सांगते. कुणाच्या शेजारी कोण उभी राहते ते मी बघत होते. जातीवर व्याख्यान दिलं असतं तर सगळ्यांनी मान डोलावली असती. मी काही बोलले नाही, रोज आकडे म्हणून जोड्या पाडल्या. पाळी आली की काही जणी आपण होऊन कडेला बसायच्या. त्यावर मात्र भांडण झालं, जोरदार झालं, आणि ते पुरतं मिटलेलं नाही. आजही दोघी-तिघी बसतात. बसोत. मैदानावर येतात तरी.

आता मुख्य गोष्ट. दोनेक महिन्यांनी मी उड्या सुरू केल्या. जागच्या जागी, हात वर करून. आठवड्याभरात गळती लागली. आधी दोघी, मग पाच, मग आठ. काम आहे, पाहुणे आहेत, पाय मुरगळलाय. माझा पुन्हा जुना स्वभाव, की बायकांना सातत्यच नाही. शेवटी एकीनं मला कडेला घेऊन सांगितलं, “ताई, उडी मारली की लघवी सुटती.” मी दुसऱ्या दिवशी फेरात बसून सरळ विचारलं, हे कुणाकुणाला होतं? माझा हात मी आधी वर केला, कारण शिंकताना मलाही होतं. एकतीस जणींत एकोणीस हात वर आले. खोकताना, हंडा उचलताना, हसताना. एक म्हणाली, म्हणून मी हसतच नाही. दोघींनी सांगितलं, अंग बाहेर येतं, हातानं आत सारते. किती वर्षं? एकीचं अकरा वर्षं. नवऱ्याला माहीत होतं, शेजारणीला नाही. आणि शेजारीण तिच्याच बाजूला हात वर करून बसली होती.

मैत्रिणींनो, आम्ही त्या वस्तीत आरोग्य शिबिरं घेतली होती. डॉक्टर आणले होते, तक्ते लावले होते, शरीराची ओळख करून दिली होती. तिथं हे निघालं नाही. निघालं उड्यांमुळं.

त्यानंतर जे शिकलो ते सांगते, कारण तुमच्या गटात हे असणारच. ओटीपोटाच्या तळाला झोळीसारखे स्नायू असतात. त्यांच्यावर लघवीची पिशवी, गर्भाशय सगळं तोललेलं. बाळंतपणांनी, ओझ्यांनी ती झोळी सैल पडते. लघवी अडवताना आपण जे आवळतो तेच आवळायचं, पाच-सहा आकडे धरायचं, तितकंच सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडायचा नाही, पोट-मांड्या आवळायच्या नाहीत. आणि लघवीला बसलेलं असताना करायचं नाही; एकदा जागा ओळखली की एरवी करायचं. केगेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९४८ साली हे मांडलं. फुकटचं आहे, बसून विडी वळतानासुद्धा होतं. फरक पडायला तीन-चार महिने लागतात, म्हणून एकटी बाई पंधराव्या दिवशी सोडून देते. आमच्याकडं फेर संपताना मी “आवळा” म्हणते आणि सगळ्या गंभीर चेहऱ्यानं उभ्या राहतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, प्रार्थना चाललीय. ज्यांचं अंग बाहेर येत होतं त्या दोघींना आधी सरकारी दवाखान्यात नेलं, चार-चार जणी बरोबर गेलो. उड्या बंद केल्या, ज्यांना जमतात त्या मारतात.

हे मी एवढं लांबण लावून का सांगते? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं २०१९ साली बाहेर आलं ते तुम्हाला आठवत असेल. सरकारनं समिती नेमली, ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांवर बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. कंबर दुखते, अंगावरून पांढरं जातं, पाळीत खाडा होतो, मग काढा पिशवी. प्रत्येक बाई एकटी डॉक्टरसमोर बसली होती. तिच्या शेजारी “मलाही होतं, थांब जरा” म्हणणारी कुणी नव्हती. व्यायामानं सगळे आजार जातात असं मी म्हणत नाही, तसं म्हणणाऱ्या बुवांपासून लांब राहा. पण रोज शरीराबद्दल बोलणाऱ्या तीस बायकांमधली एकटी उठून, कुणाला न विचारता पिशवी काढून येणं अवघड असतं.

तसंच हिंसेचं. फुगडीत मनगटं धरावी लागतात. एकदा एक किंचाळली. बांगड्या वर केल्या तर मनगट काळंनिळं. पुढं तीन दिवस ती आली नाही, तर चौघी तिच्या दारात गेल्या आणि म्हणाल्या, व्यायामाला का नाही आलीस, जोडी मोडली आमची. नवऱ्यासमोर. त्याला काय बोलावं कळेना. संघटनेच्या बायका म्हणून गेलो असतो तर दार लागलं असतं. तिनं तक्रार केलेली नाही, अजूनही नाही. पण ती न आल्याचं दुसऱ्या दिवशी रात्री नऊला तीस जणींना कळतं, हे त्यालाही कळलंय. आपली बैठक महिन्याला एकदा असते. महिन्यात बाईचं काहीही होऊ शकतं.

आमच्याकडं वजनाचा काटा नाही आणि मी तो येऊ देणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ सालात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. अशा बायकांना बारीक व्हा म्हणून पळवायचं? फेर संपला की मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा मिळतो. त्याचा खर्च आठवड्याला पाच-पाच रुपये काढून भागतो. हे खाणं घरी न्यायचं नाही, तिथंच खायचं, असा नियम आहे. नाही तर ते पोरांच्या तोंडात जातं.

मैदानाचं काय झालं ते आता सांगते. आठ महिन्यांनी शाळेच्या संचालकांकडून निरोप आला की बायका रात्री मोठमोठ्यानं हसतात, फुगड्या घालतात, शेजारच्या लोकांची तक्रार आहे, शोभत नाही. फाटकाला कुलूप लागलं. त्याच मैदानावर संध्याकाळी उशिरापर्यंत मुलं क्रिकेट खेळत होती, त्यांना वेगळी किल्ली. मैत्रिणींनो, आपल्याकडं गल्लोगल्ली तालमी आहेत. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं, पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ सालचं. पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ पासून चालू, बायकांची पहिली झाली २०२३ साली, सांगलीत. शरीर कमवायचं तर जागा लागते, हे समाजाला चांगलं कळतं. फक्त ते शरीर कुणाचं, यावर जागा ठरते.

आम्ही फाटकाबाहेर रस्त्यावर फेर धरला. बारा रात्री. रिक्षा थांबायच्या, पोरं शिट्ट्या मारायची. पहिल्या रात्री अकरा जणी होत्या, बाराव्या रात्री त्रेचाळीस, त्यात शिट्ट्या मारणाऱ्यांपैकी दोघांच्या आया. मग कुलूप निघालं, पण लेखी काही दिलेलं नाही. कधीही पुन्हा लागू शकतं. म्हणून महापालिकेकडं आमची मागणी आहे की प्रत्येक प्रभागात एक मोकळी जागा रात्री साडेआठ ते साडेनऊ बायकांसाठी राखून ठेवावी, तिथं दिवा असावा आणि संडास असावा. संडास महत्त्वाचा. तो नसला की बायका संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत आणि मग व्यायामात चक्कर येते. हा ठराव उद्या आपल्या सत्रात मी मांडणार आहे. ‘आरोग्य’ या सदराखाली नको, मजुरीच्या आणि हिंसेच्या ठरावांबरोबर घ्या, एवढी विनंती आहे. आणि तुमच्या गावातली जागा कोणती, किल्ली कुणाकडं, वेळ कोणती सोयीची, ते आज रात्री गटात बसून लिहून आणा. पहाटेची वेळ लिहिण्याआधी सूनवाल्या आणि बिनसूनवाल्या, दोघींना विचारा.

शेवटचं. उद्या सकाळी नाही, आज रात्री साडेआठला मी इथल्या अंगणात आहे. साडी चालते, नऊवारी तर फारच चांगली. चपला काढून या. ज्यांना उड्या जमत नाहीत त्यांनी भिंतीकडची बाजू धरा, मी तिथंच असेन.